पट्टीखालची अक्षरं

३ जून

चिंगीस,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची सवय आहे. हात तिकडे वळलाही, पण आवरला. जिने मला कोर्टात ओढलं तिला आशीर्वाद कसले द्यायचे? शेवटचं बोललो तेव्हा तू फोन आपटलास, म्हणून हे पत्र. माझे वकील म्हणतात, समोरच्या पक्षाला एक ओळ लिहू नका. मी म्हटलं, ती आत्ता समोरचा पक्ष झाली, त्याआधी तिच्या वेण्या मी घातल्या आहेत.

तुझे कागद काल ईमेलवर आले. बाबांनी आपल्या दोघींच्या नावाने ठेवलेलं नोकरदार मुलींचं वसतिगृह चालवायला मी नालायक आहे, मला दूर करावं, असं तुझं म्हणणं. छान. आजवर तू तिथे पाहुणीसारखी यायचीस, चहा प्यायचीस, बागेतली फुलं न्यायचीस. आता मालकीण व्हायचं आहे.

आग लागली हे मी नाकारलेलं नाही. रविवारची दुपार होती, धुण्याच्या खोलीत कुणीतरी इस्त्री चालू ठेवून गेली. धूर जिन्यात भरला, मागच्या दाराला कुलूप होतं, आणि एक पोर खिडकीतून खालच्या पत्र्यावर उडी मारून पाय मोडून बसली. तिचं प्लास्टर निघेपर्यंत मी तिला माझ्या खोलीत झोपवलं. ते तुझ्या कागदात कुठे दिसलं नाही.

पण हा 'साक्षीदार क्रमांक दोन' कोण? न्यायाधीशांनी नाव गुप्त ठेवायची परवानगी दिली म्हणे. जबाबभर नुसत्या काळ्या पट्ट्या. 'मागच्या दाराची किल्ली', मग पट्टी, मग 'कंबरेला असते, मागितली तरी मिळत नाही. आगीच्या आदल्या महिन्यात मी', पुन्हा पट्टी, 'सांगितलं होतं की काही झालं तर मुली कोंडल्या जातील. उत्तर मिळालं, दार उघडं राहण्यापेक्षा बंद बरं.' त्या छोट्या पट्ट्यांखाली 'बाई' असणार. सगळ्या मला बाईच म्हणतात, त्यात लपवायचं ते काय? आणि चौथ्या पानावर तर अर्धं पान काळं. तिथे मला किती शिव्या घातल्या आहेत ते देव जाणे.

ते वाक्य माझंच आहे, म्हणून झोंबलं. स्वयंपाकघरात बोलले होते मी ते. तेव्हा तिथे दोघीच होत्या, स्वयंपाकीणबाई आणि माझी लेक टिटवी. टिटवी नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून माझा उजवा हात आहे. पहाटे उठून चहा ती करते, मुलींची आजारपणं ती काढते. ती सोडली तर उरलं कोण? स्वयंपाकीणबाईला महिनाअखेर घरी पाठवते आहे. खाल्ल्या घरची अशी आठवण ठेवणारी माणसं मला नकोत.

तुझी,
नाइलाजाने,
ताई


९ जून

ती. ताईस,

मी मात्र 'तीर्थरूप' लिहिते. शाळेत सिस्टर सांगायच्या, भांडण असलं तरी मायना नीट लिहावा.

स्वयंपाकीणबाईला हात लावू नकोस. ती नाही. एवढंही सांगायला नको होतं, पण तुझ्या रागापायी एका निरपराध बाईची भाकरी जाईल म्हणून सांगते. आणि आता 'ही नाही तर कोण' म्हणून एकेक नाव गाळत बसू नकोस. पुढे मी कशालाच हो किंवा नाही म्हणणार नाही.

मला मालकीण व्हायचं नाही, ताई. मला ते दार उघडं हवं आहे. मी तुला तीनदा सांगितलं, अग्निशमनवाल्यांनी लेखी सांगितलं. तू काय केलंस? कुलूप बदललंस, आधीपेक्षा मोठं आणलंस! ती पोर पत्र्यावर पडली म्हणून वाचली. पत्रा नसता तर? तुझ्या खोलीत तिला झोपवायची वेळच आली नसती.

नाव तुला कधीच कळणार नाही. पट्ट्या मी स्वतः लावल्या आहेत. वकीलसाहेबांच्या ऑफिसातली मुलगी म्हणत होती, "मावशी, मला द्या, त्याची एक पद्धत असते." मी दिलं नाही. म्हटलं, जितक्या कमी डोळ्यांखालून हे नाव जाईल तितकं बरं. त्या मुलीची आत्या तुझ्या वसतिगृहाच्या समोरच राहते, मला ठाऊक आहे. दोन दिवस संगणकापुढे बसून एकेक शब्द झाकला. मग पानं छापून घेतली आणि खिडकीशी उन्हात धरून पाहिली, दोन्ही बाजूंनी. काही दिसेना. मगच फाइल पाठवली.

उन्हात धरायचं का सुचलं, तुला कळलं असेल. शाळेच्या बोर्डिंगातून आपण घरी पत्रं लिहायचो आणि सिस्टर ती वाचून नको त्या ओळींवर काळी शाई फिरवायच्या. बाबा ती कंदिलापुढे धरून खालचं वाचायचे. 'ताई रडते' ही ओळ त्यांनी तशीच वाचली आणि दुसऱ्या दिवशी भेटायला आले, पेरूंची पिशवी घेऊन. आठवतं का? तू सगळे पेरू मला दिलेस आणि म्हणालीस, मी रडले नव्हतेच.

तेव्हाची ताई कुठे गेली, तेवढं कळव.

चिंगी


१२ जून

चिंगीस,

पेरूंचं काढून मला विरघळवू नकोस.

काल तुझ्या साक्षीदाराच्या जबाबाला उत्तर लिहायला बसले. वकील म्हणाले, प्रत्येक परिच्छेद वर घ्या आणि खाली तुमचं म्हणणं लिहा. सगळं पुन्हा कोण टाइप करणार? मी तुझ्या फाइलमधला परिच्छेद उचलला आणि माझ्या कागदात डकवला. पट्टी तिथेच राहिली. अक्षरं तेवढी चालत आली.

खाली 'बाई' नव्हतं, चिंगी. 'आई' होतं.

'किल्ली आईच्या कंबरेला असते.' 'मी आईला सांगितलं होतं.'

मला आई म्हणणारी ह्या जगात एकच आहे. आज सकाळी तिने चहा आणून दिला. बशीत सांडला होता, तिने पदराने पुसला. मी प्यायले.

स्वयंपाकीणबाईची माफी मागितली. तिला काही कळलं नाही. म्हणाली, "बाई, तुम्हाला बरं नाही का?"

ताई


१४ जून

ताई,

पत्र हातात आल्यापासून बसवत नाही. वकीलसाहेबांकडे गेले. ते माझ्यावर ओरडले, चारचौघांत. म्हणाले, पट्टी म्हणजे भिंतीवर कॅलेंडर लावल्यासारखं, भोक बुजत नाही, नुसतं दिसेनासं होतं. ऑफिसातली ती मुलगी खाली मान घालून बसली होती. ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

ते तुझ्या वकिलांना रीतसर कळवत आहेत. चुकून हातात आलेलं गुपित वाचायचं नसतं, वापरायचं नसतं, परत करायचं आणि पुसून टाकायचं असा नियम आहे. तू ते कुणाला दाखवलंस? छापलंस? पुढच्या पट्ट्या उचकटू नकोस. हे मी विनवणी म्हणून लिहीत नाही, तो नियम तुझ्यावर बंधनकारक आहे असं समज.

आणि हे मात्र विनवणी म्हणून. तुला जे वाटतं आहे त्याला मी हो म्हणत नाही आणि म्हणणार नाही. पण जी कुणी आहे तिने मोठ्या भीतीने तोंड उघडलं, माझ्या शब्दावर. मी म्हटलं होतं, तुझं नाव माझ्याकडून बाहेर जाणार नाही. तिला दुसरं घर नाही. तिला अजून काही माहीत नाही. मला शिव्या घाल, माझ्या दारात येऊन घाल. तिला काही बोलू नकोस. तिला बाहेर काढू नकोस.

उत्तर लगेच दे.

चिंगी


२६ जून

चिंगीस,

लगेच उत्तर द्यायला मी तुझ्या वकिलांच्या ऑफिसातली कारकून नाही.

इतके दिवस मी काय करत होते ते ऐक. जेवताना तिच्याकडे पाहत होते. ती भाजी वाढते, "आई, मीठ बरोबर आहे ना?" विचारते. तोंडावर काही नाही. मी मनात म्हणते, ह्या हाताने तू माझ्याविरुद्ध सही केलीस. परवा मुद्दाम किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर जुडगा तसाच. तिने त्याला शिवलंही नव्हतं. फक्त पंख्याने उडू नयेत म्हणून खालचे कागद नीट करून ठेवले होते. असा राग आला मला! चोरी केली असती तर बरं झालं असतं. निदान रागवता आलं असतं.

तुझ्या वकिलांचं पत्र आलं. माझ्या वकिलांनी हसून बाजूला ठेवलं. ते म्हणतात, "नाव काय आहे ते मला सांगू नका, पण ती व्यक्ती तुमच्यावर डूख धरून आहे असं दाखवता आलं, तर जबाबात दम राहणार नाही." डूख दाखवायला मला किती वेळ लागेल? नवऱ्याकडून परत आली तेव्हा मी तिला काय बोलले होते ते तुला माहीत आहे. लोकांना ते सांगितलं की झालं. आईवर सूड उगवणारी मुलगी. कोर्टात सगळ्यांना पटेल. मला स्वतःलासुद्धा पटत चाललं आहे.

आणि ह्याच्या मागे तू आहेस. दर गुरुवारी "मावशीकडे जाऊन येते" म्हणायची. मी डबा भरून द्यायचे तुझ्यासाठी! माझ्या हातचं खात तू माझ्या पोरीला फोडत होतीस. तुला मूल नाही म्हणून दुसऱ्याचं पळवायचं? लहानपणी माझी पेन्सिल घ्यायचीस, रिबिनी घ्यायचीस, मी दिल्या. हे देणार नाही.

पुढच्या तारखेला नाव उघड करा म्हणून मी अर्ज करते आहे. तिला समोर उभी करते, माझ्या डोळ्यांत बघून बोलू दे.

ताई


२९ जून

ताई,

मूल नाही, हे तू लिहिलंस. बरं झालं, लिहिलंस. मनात ठेवून माझ्याशी गोड बोलत होतीस ते आजवर कळलं नव्हतं.

पळवलं मी? ती माझ्याकडे आली, मी तिला परत पाठवलं. पुन्हा आली, पुन्हा पाठवलं. म्हटलं, आईशी बोल. ती म्हणाली, "मावशी, बोलले. ती दुसरं कुलूप घेऊन आली." आग लागल्यावर आली तेव्हा तिच्या केसांना धुराचा वास येत होता. जिन्यावरून मुलींना एकेक करून पुढच्या दाराने कुणी काढलं, तुला माहीत आहे? तू तेव्हा मागच्या दारापाशी होतीस, कंबरेच्या जुडग्यात नव्या कुलपाची किल्ली शोधत. एकेक किल्ली घालून पाहत होतीस, एकही लागेना. हे तिनेच सांगितलं. तेव्हा ती हसत नव्हती, ताई. रडत होती.

बघ, अखेर लिहिलं मी. 'ती' लिहिलं. वकीलसाहेब मला सोडणार नाहीत. पण आता तुझ्यापासून लपवून काय उरलं आहे? जे झाकायचं ते मी उघडं टाकलं, आणि जे तू वाचायला हवं होतंस ते तेवढं झाकलेलं राहिलं.

तू छोट्या पट्ट्या उचकटल्यास. 'आई' वाचलंस आणि तिथेच थांबलीस. चौथ्या पानावरची मोठी पट्टी? शिव्या असतील म्हणून घाबरलीस? की घरी बसून आपल्या मनाने शिव्या रचणं जास्त सोपं वाटलं? ती पट्टी मी लावताना माझा जीव तुटत होता. तो मजकूर वाचला की कोण बोलतं आहे ते कुणालाही कळलं असतं, म्हणून झाकावा लागला. तुझ्या हातात आरोप तेवढा गेला.

नियमाने मी म्हणायला हवं, वाचू नकोस. चोरी केलीच आहेस तर अर्धवट करू नकोस. वाच. मग हवा तो अर्ज कर.

ह्यापुढे मला पत्र लिहू नकोस.

चिंगी


१८ जुलै

चिंगीस,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहिते. मोठी मी आहे.

तुझं पत्र दोन आठवडे कपाटात होतं. संगणक उघडायचे, चौथ्या पानापर्यंत जायचे, आणि कुणाचं तरी बिल पाहायचं आठवायचं. काल टिटवी एका आजारी मुलीला दवाखान्यात घेऊन गेली होती. घरात कुणी नव्हतं. तेव्हा ती पट्टी उचलली.

तुला पाठ असेल, तरी लिहिते. मला एकदा स्वतःच्या अक्षरात लिहून पाहायचं आहे.

'ते दार माझ्यामुळे बंद असतं. मी लहान होते, शाळेतही जात नव्हते, तेव्हा एकदा त्या दारातून बाहेर गेले. कालव्यापाशी सापडले तेव्हा दिवे लागले होते. आईने मला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने किल्ली कंबरेला लावली, ती अजून तिथेच आहे. मला हे आठवत नाही असं तिला वाटतं. मला सगळं आठवतं. तिची चप्पल एकाच पायात होती. तिला शिक्षा व्हावी म्हणून मी बोलत नाही. माझं ती ऐकत नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी तिला सांगावं की मी सापडले आहे.'

चिंगी, ती चप्पल. दुसरी कुठे गेली ते मला आजपर्यंत माहीत नाही. तुला तरी मी कधी सांगितलं होतं? मी ते कुणालाच सांगितलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती दुपार माझी एकटीची आहे.

आता कामाचं. लक्ष देऊन वाच, पुन्हा सांगणार नाही.

नाव उघड करायचा अर्ज मी करणार नाही. माझ्या वकिलांना म्हटलं, पट्ट्यांखाली काही कामाचं नव्हतं, आणि ती फाइल त्यांच्यासमोर पुसायला लावली. माझ्या संगणकावरची पुसली, माझ्या उत्तरात डकवलेला परिच्छेदही काढला. ते नाराज आहेत. होऊ देत.

तुझी चौथ्या पानाची एक प्रत मी आधी छापून घेतली होती. ती सोबत पाठवते. तो भाग मी कात्रीने कापून काढला आहे. पानाला मोठं भोक पडलं आहे, त्यातून पलीकडचं टेबल दिसतं. नाव असं लपवायचं असतं. उन्हात धर, कंदिलापुढे धर, काय हवं ते कर. आणि पुढच्या वेळी त्या ऑफिसातल्या मुलीला देत जा, तिची आत्या कुठेही राहत असो. कापलेला तुकडा माझ्याजवळ आहे. तो कुणाला मिळणार नाही, तुलाही नाही.

केस मागे घेऊ नकोस. घेतलीस तर मी तुला क्षमा केली असं लोकांना वाटेल. केलेली नाही. तू माझ्या पाठीमागे माझ्या घरात शिरलीस, आणि निष्काळजीपणाने माझ्या मुलीचं नाव माझ्या टेबलावर सांडून ठेवलंस. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर त्या पोरीचं काय झालं असतं, ह्याचा विचार कर आणि झोप उडू दे तुझी. मूल नाही हे मी लिहिलं, ते लिहायला नको होतं. तेवढंच मी परत घेते, बाकी सगळं तसंच.

सुतार आज सकाळी येऊन गेला. मागच्या दाराचं कुलूप काढलं. आतून दाबलं की उघडतं अशी दांडी लावली आहे, बाहेरून मात्र किल्ली लागते. लाकडावर जुन्या कुलपाची फिकट खूण राहिली आहे, ती रंगवू का म्हणून त्याने विचारलं. नको म्हटलं.

टिटवी उभी राहून बघत होती. "आई, हे अचानक?" मी म्हटलं, "तुझ्या मावशीची कटकट. कोर्टात उत्तर द्यावं लागतं." तिने दांडी दाबून पाहिली, दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, लहान मुलं करतात तसं. तिला काही कळलेलं नाही आणि कळणार नाही. तू तिला शब्द दिला होतास ना, तुझ्याकडून बाहेर जाणार नाही म्हणून? तुला पाळता आला नाही. तो मी पाळते.

हे पत्र वाचून झालं की जाळ. पट्टी लावत बसू नकोस.

गुरुवारचा डबा पाठवीन, पण तो तुझ्यासाठी नाही. ती तिथे जेवते म्हणून.

संध्याकाळ झाली आहे. ती आत्ताच मागच्या दाराने बाहेर पडली, कालव्याकडे फिरायला. जाताना मला सांगून गेली. मी ह्या खुर्चीत बसून तुला लिहिते आहे, दाराकडे पाठ करून. आतापर्यंत तीनदा तरी वळून पाहिलं असेल. पण उठले नाही.

ताई